उसनं नाक

तिला नाकाक्का हे नाव पंखेवाल्यानं ठेवलं, आणि तेही पाठीमागे. पंखेवाला म्हणजे शेवटच्या तळ्याचा मालक. कोळंबीच्या तळ्यांत पाणी घुसळणारे जे पंखे असतात, ते सगळ्या रांगेतले तोच दुरुस्त करायचा, आणि हात चालू असले की त्याचं तोंडही चालू असायचं. एकदा बोलता बोलता ते नाव त्याच्या तोंडून तिच्यासमोरच निसटलं. बिचारा जीभ चावून उभा राहिला. ती म्हणाली, "चावू नकोस, तुटली तर दिवसभर करशील काय? म्हण की. खोटं थोडंच आहे?" तेव्हापासून खाडीकाठच्या सगळ्या कोळंबीवाल्यांची ती उघडउघड नाकाक्का झाली.

आणि नाक होतंच तसं. दिसायला नव्हे हो! दिसायला चारचौघींसारखंच, जरा बसकं. पण तळ्यात काही बिघडायला लागलं की सगळ्यात आधी त्या नाकाला कळायचं. कोळंबी राहते तळाशी. वरचं पाणी किती का छान दिसेना, खालचा गाळ नासला की खेळ खलास. उरलेलं खाद्य, घाण, टाकलेली कात, सगळं खाली साचतं, काळं पडतं आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. बांधावर उभ्या माणसाला तो वास येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. नाकाक्का लांब पाइप तळाला टेकवायची, वरचं तोंड अंगठ्यानं दाबून तो उचलायची, बोटभर गाळ तळहातावर सोडायची आणि हुंगायची. मग निकाल. "घाल खाद्य बिनधास्त," किंवा "जरा हात आखड," किंवा नुसतंच "पाणी बदल, आत्ता." चौथं वाक्य नाही. पाणी तपासायची बाटल्यांची पेटी प्रत्येकाकडे होती आणि ती सांगायची ते बरोबरच असायचं, पण ती सांगायची पाण्याचं. गाळाचं कोण सांगणार? जन्मभर गाळात वावरून माणसांची नाकं बधिर झालेली, त्यात पुरुषांची सिगरेट. हिचं तेवढं कसं कोण जाणे, शाबूत राहिलं होतं.

तिचा नवरा आणि दीर, दोघा भावांची तळी शेजारी-शेजारी. घरही एकच, खाली थोरली पाती, वर धाकटी. स्वयंपाकघर वर होतं आणि त्या स्वयंपाकघरावर राज्य होतं धाकट्या जावेचं. ही जाऊ औषधाच्या दुकानदाराची मुलगी. स्वच्छतेचं वेड म्हणजे किती, तर दारावरची मूठसुद्धा पुसून मग धरायची. एवढी वर्षं झाली लग्नाला, पण बाईनं तळ्यावर पाऊल टाकलेलं नव्हतं. वास सहन होत नाही म्हणे! जिन्याच्या पायथ्याशी नळ होता, नळाजवळ निळा मग आणि वाटीत कापलेली लिंबं. तळ्यावरून आलेल्यानं कपडे बदलायचे, हातांना लिंबू चोळायचं आणि मगच वर यायचं, असा तिचा कायदा. नाकाक्का रोज कुरकुरायची, "आम्ही काय गाळातनं उठून ताटावर बसतो काय!" पण कुरकुरत का होईना, रोज लिंबू चोळायची. खरं सांगायचं तर तिलाही हाताला वास राहिलेला खपायचा नाही. दोघींचं एकमत होतं ते एवढ्यावरच, आणि तेही दोघींनी कधी कबूल केलं नाही.

अशात दीर कुठल्याशा शिबिराला जाऊन आला आणि येताना डोक्यात शेवाळ भरून आला. समुद्रातलं लालसर शेवाळ दोऱ्यांना बांधायचं आणि त्या दोऱ्या कोळंबीच्या तळ्यात ताणायच्या. कोळंबीच्या घाणीवर शेवाळ पोसतं आणि पाणी निवळ राहतं. कात टाकली की कोळंबी मऊ पडते, तेव्हा तिच्या सख्ख्या बहिणीच तिला फस्त करतात. शेवाळात तिला दडायला जागा मिळते. वर शेवाळही विकता येतं. आहे की नाही झकास? दीर हातवारे करकरून सांगत होता आणि नाकाक्का पाण्याची बादली ठेवून ऐकत होती.

"भावोजी," ती म्हणाली, "तळ्यातलं शेवाळ उपसता उपसता माझी कंबर गेली. आणि तुम्ही ते विकत आणून लावताय? उद्या घरात उंदीर आणून सोडाल."

"वहिनी, हे शेवाळ वेगळं असतं."

"मग उंदीरही वेगळाच आणा."

सगळी रांग हसली. दीरही हसला, पण त्याच्या मनाला लागलं. त्यानं हट्टानं दोऱ्या बांधल्या, कोळंबीचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, सोडलं, आणि सकाळ-संध्याकाळ एकेक दोरी बोटांनी चाचपून बघायला लागला.

बीज सोडून थोडे दिवस झाले असतील, नाकाक्काला ताप आला. सर्दी अशी की दोन्ही नाकपुड्या बंद. ताप उतरला, सर्दी गेली, ती पुन्हा तळ्यावर जायला लागली. एकदा खालच्या खोलीत चहापुरती जी शेगडी होती, तिच्यावर दूध ठेवून ती शेजारीच लसूण सोलत बसली होती. नवरा बाहेरून धावत आला. "अगं, दूध करपलं! झोपलीस की काय?" तिनं मान वर केली तर खोलीभर धूर आणि पातेलं काळंठिक्कर.

"विचारात होते," ती म्हणाली.

"कसला एवढा विचार?"

"तुमचाच."

नवरा बापडा खूश होऊन पातेलं घासायला बसला. आणि ही हातातली लसणाची पाकळी नाकाशी नेऊन बघत राहिली. काही नाही. साबण हुंगला, रॉकेलची बाटली हुंगली, स्वतःची तळ्यावरची चप्पल हुंगली. भिंतीला नाक लावावं तसं. न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून ती पोटभर रडली. डॉक्टरकडे गुपचूप जाऊन आली. तो म्हणाला, "येईल परत, कदाचित नाहीही येणार. वाट बघा."

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं होतं सरळ. सांगणं सोपं आहे हो! नाकाक्काचं नाक गेलं, तर मागे उरतं काय? खाद्याची पाटी घेऊन बांधावर फिरणारी एक बाई. तशा छप्पन्न होत्या. कुणी बांधावरून हाक मारायचं, "अक्का, जरा येता का?" त्या हाकेसाठी ती चहा अर्धा टाकून उठायची. तीच हाक बंद पडली तर? म्हणून तिनं तोंड शिवून घेतलं.

आणि सोंग वठवलं. गाळ तपकिरी असला तर चांगला, काळा पडला तर वाईट, एवढं तिला डोळ्यांनीही कळत होतंच. ती गाळ हातावर घ्यायची, रंग बघून घ्यायची, मग डोळे मिटून नाकपुड्या फुगवायची आणि निकाल द्यायची. चाललं. एकही निकाल चुकला नाही. तिला स्वतःलाही वाटायला लागलं की निभावतंय.

कोळंबी भरत आली होती. दिराच्या तळ्यातलं शेवाळ तर असं माजलं की दोऱ्या वजनानं झुकायला लागल्या. एक दिवस त्यानं बांधावरून हाक मारली, "वहिनी, जरा येता का?"

ती गेली. पंखेवाला होता, आणखी दोघं-तिघं तळेवाले होते. दीर म्हणाला, "शेवाळ फार दाट झालंय. विरळ करू की राहू देऊ? मोठी भरती आली, कोळंबी आता कात टाकणार. हात घालायचा तर आजच. एकदा मऊ पडली की पाणी ढवळता येणार नाही. तळ चांगला असेल तर मी कशाला हात लावत नाही. तुम्ही सांगाल तसं."

तिनं पाइप टाकला, गाळ हातावर घेतला आणि बघितलं. तिथंच फसली. शेवाळाचे तुकडे मिसळून त्या तळ्याचा गाळ मुळातच काळपट झालेला. तपकिरीही नाही, काळाही नाही. डोळ्यांना काही सांगता येईना. तिनं खरोखर जीव तोडून हुंगलं. भिंत. सगळे तोंडाकडे बघत होते. तिच्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "घाल खाद्य बिनधास्त."

पंखेवाला ओरडला, "अरे, नाकाक्कानं शेवाळ पास केलं! उंदीर पास झाला!" टाळ्या काय, पाठीवर थापा काय! दिराचा चेहरा असा खुलला की तिला बघवेना. तिच्या थट्टेखाली इतके दिवस दबलेला माणूस तो. म्हणाला, "वहिनी, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं." खरं काय ते तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. संध्याकाळपर्यंत पंखेवाल्यानं आणि आणखी दोघांनी शेवाळाच्या दोऱ्या मागवल्यासुद्धा. कुणाच्या भरवशावर? हिच्या!

ते दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. रोज दिराच्या बांधावरून एक चक्कर मारायची आणि काही दिसत नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकायची. मग एका सकाळी, ऊन चांगलं वर आलेलं, ती पाटी घेऊन निघाली तर दीर पाण्याकडे बघत हसत उभा. "वहिनी, बघा बघा, झोपाळ्यावर बसल्यात!"

दोऱ्यांवर, शेवाळात, पाण्याच्या अगदी वरच्या थरात कोळंबीच कोळंबी. पायांनी शेवाळ धरून बसलेली.

"ऑक्सिजन बघितला का?" तिनं विचारलं.

"भरपूर आहे. पहाटेही बघितला, आत्ताही. आवडलंय त्यांना शेवाळ, दुसरं काय?"

पाण्यात ऑक्सिजन कमी पडला की कोळंबी वर येते, पण ते पहाटे. भर उन्हात, पंखे चालू असताना, ऑक्सिजन भरपूर असताना तळात राहणारा जीव तळ सोडून वर का बसेल? आवड कसली डोंबलाची! खाली राहवत नाही म्हणून वर आली होती ती. झुकलेल्या दोऱ्यांचं शेवाळ कुठंतरी गाळाला टेकून कुजत होतं.

खोटं अजूनही पचलं असतं. "परवा चांगला होता, आज नासला," एवढं म्हटलं की संपलं. कुणी हरकत घेतली नसती. तेही तिच्या मनात येऊन गेलं, उगाच लपवायचं कशाला? पण दीर पुढचा प्रश्न काय विचारणार, हे तिला माहीत होतं. "कुठं?" सगळं तळं ढवळलं असतं तर गाळातलं विष वर येऊन मऊ पडलेली कोळंबी जागच्या जागी मेली असती. नेमका नासलेला कोपरा शोधून तेवढ्याच दोऱ्या उचलायला हव्या होत्या. आणि तो कोपरा शोधायला नाक लागतं.

पाटी तिथंच टाकून ती घराकडे सुटली. नळापाशी थांबली नाही. गाळाच्या पायांनी जिना चढून थेट स्वयंपाकघराच्या दारात.

"अक्का!" जाऊ किंचाळली. "अहो, तशाच वर? लिंबू..."

"लिंबू राहू दे. तळ्यावर चल."

"मी?"

"तूच. माझं नाक गेलंय." एका दमात बोलली ती, थांबली असती तर बोलताच आलं नसतं. "तापानंतर मला कशाचाही वास येत नाही. भावोजींचा तळ चांगला आहे म्हणून सांगितलं, ते ठोकून दिलं. तळ नासलाय. कुठं नासलाय ते मला कळणार नाही, तुला कळेल. अख्ख्या घरात चालू नाक तुझंच आहे."

जावेनं हातातली पळी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तुम्ही मुद्दाम नव्हता करत?"

"काय मुद्दाम?"

"कित्येक दिवस झाले, तुम्ही वर आलात की गाळाचा वास येतो. आधी लिंबू चोळून यायचात. मला वाटलं, माझी खोड मोडायला म्हणून मुद्दाम तशाच येता."

नाकाक्कानं आपल्या तळहातांकडे बघितलं. खरंच होतं. हाताला वास आहे की गेला तेच कळेना, म्हणून ती साबणाचे दोन हात फिरवून वर यायला लागली होती. सगळ्या जगापासून लपवलेली गोष्ट ती रोज संध्याकाळी हातावर घेऊन या घरात येत होती.

"मग बोलायचं नाहीस का गं?"

"तुम्हाला?" जाऊ म्हणाली. "नाकाक्काला जाऊन सांगू, तुमच्या अंगाला वास येतोय म्हणून?"

जावेनं गॅस बंद केला, चप्पल शोधली, रुमाल नाकाला लावला आणि निघाली. बांधावर आल्यावर नाकाक्का म्हणाली, "रुमाल काढ." जावेनं असा चेहरा केला की जणू सोन्याचा दागिना मागितलाय. पण काढला.

नाकाक्का एकेका ठिकाणी अलगद पाइप टेकवायची, गाळ आपल्या तळहातावर घ्यायची आणि हात जावेपुढे धरायची.

"हा?"

"घाण."

"कसली घाण? नीट सांग. कुजकं अंडं?"

"नाही. मातीची घाण."

"मग चांगला आहे. पुढं चल."

असं करत करत निम्मा बांध झाला. जावेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, साडीचे काठ चिखलानं माखले होते, पण ती प्रत्येक वेळी वाकून हुंगत होती. पंख्याचं पाणी जिथवर पोचत नव्हतं त्या कोपऱ्यात नाकाक्कानं गाळ पुढं केला, आणि जावेनं तोंड फिरवलं ते थेट बांधाच्या पलीकडे जाऊन भडाभडा ओकली. "हाच," ती कशीबशी म्हणाली. "हाच, अक्का. हाच!" जन्मात पहिल्यांदा कुणाच्या ओकारीचा नाकाक्काला आनंद झाला.

तेवढ्यात दीर पळत आला. बायको तळ्यावर बघून आधी त्याला वाटलं, घरात कुणी गेलंबिलं की काय. नाकाक्कानं सगळं सांगितलं, अगदी डोळे मिटायच्या सोंगासकट. त्यानं ऐकून घेतलं.

"तुमच्या शब्दावर मी निवांत झोपलो, वहिनी."

"हो."

"मला सांगायचं होतंत."

"हो."

तो कपडे वर खोचून पाण्यात उतरला. मागून तिचा नवरा आला, पंखेवाला आला. त्या कोपऱ्यातल्या दोऱ्या अगदी हळू, बाळाला उचलावं तशा उचलल्या. खालचं कुजलेलं, काळं-चिकट शेवाळ कापून काढलं, पंप लावून तिथला गाळ ओढला, भरतीचं ताजं पाणी घेतलं. त्या कोपऱ्यातली मऊ कोळंबी मेली होती, पांढरी पडलेली. ती नाकाक्कानं स्वतःच्या हातांनी वेचली, दुसऱ्या कुणाला वेचू दिली नाही. बाकीचं तळं वाचलं. दुसऱ्या दिवशी उन्हात दोऱ्या मोकळ्या होत्या; कोळंबी पुन्हा खाली गेली होती.

मग तिनं रांगेतल्या सगळ्यांना गाठून सांगितलं. शेवाळात खोट नाही, खोट मी दिलेल्या निकालात होती. दोऱ्या बांधा, पण विरळ बांधा आणि वाढलं की कापा. एकजण तोंडावर म्हणाला, "मग आमच्या तळ्यांबद्दल काय काय ठोकून दिलंत, देव जाणे." तिनं ऐकून घेतलं. पंखेवाला पाना फिरवता फिरवता म्हणाला, "म्हणजे आता तुम्हाला म्हणायचं काय?"

"नुसतं अक्का म्हण. तेवढं अजून शाबूत आहे."

पुढं गंमत अशी झाली की हाका बंद पडल्या नाहीत. "अक्का, जरा येता का? आणि धाकट्या बाईंनाही आणा." धाकट्या बाई यायच्या, पण रुबाबात. रबरी बूट पाहिजेत, वर छत्री पाहिजे, आणि जास्तीत जास्त दोन तळी, तिसरं उद्या. पाइप अक्काचा, तळहात अक्काचा, नाक जावेचं. निकाल दोघी मिळून द्यायच्या आणि त्यात वाक्यंही चौथी-पाचवी यायला लागली.

दीर मात्र तिच्याशी बोलेना. कामापुरतं हो-नाही, बस. पूर्वी येता-जाता "वहिनी, वहिनी" करणारा माणूस, आता समोरून आला की पंख्याच्या तारा तपासायला लागायचा. नाक गेलं त्यापेक्षा ते तिला जास्त लागलं. पण तिनं मनधरणी केली नाही. कुठल्या तोंडानं करणार?

संध्याकाळचा एक नवा नेम मात्र सुरू झाला. नाकाक्का नळावर हात धुवायची, लिंबू चोळायची, जिना चढून उंबऱ्यापाशी थांबायची आणि दोन्ही तळहात पुढं करायची. जाऊ येऊन वाकून हुंगायची. "अजून," म्हणाली की ही पुन्हा खाली. "या," म्हणाली की आत.

काढणी आटोपल्यावर एका संध्याकाळी जावेचे दोन्ही हात पिठात होते. ती आतूनच म्हणाली, "अहो, अक्कांचे हात बघा जरा."

दीर टीव्हीसमोर बसला होता. उठला. उंबऱ्यापाशी आला. नाकाक्काला हात मागं घ्यावेत की काय कळेना, ते तसेच पुढं राहिले. तो वाकला. सिगरेटनं मेलेल्या आपल्या नाकानं त्यानं आधी एक हात हुंगला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "मला तर काही वास येत नाही."

"मलाही नाही, भावोजी."

"मला येतोय!" आतून जाऊ ओरडली. "इथपर्यंत येतोय! खाली जा आधी!"

दिराला हसू आवरेना. उंबऱ्याला हात टेकून तो हसत सुटला आणि त्याचं बघून तीही. हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग डोळे पुसत ती नळाकडे निघाली, तर मागून तोच म्हणाला, "थांबा वहिनी, वाटीतलं लिंबू संपलंय, मी नवं घेऊन येतो."